हशा कोणाच्या बाजूचा?

वयात येताना माणसाची जी फजिती होते, ती त्याने मोठेपणी भरल्या सभागृहात उभं राहून हसत हसत सांगावी का? आवाज फुटत असताना वर्गात म्हणावी लागलेली कविता, वहीच्या शेवटच्या पानावर लिहून खोडलेलं नाव, पाहुण्यांसमोर आईने केलेलं नको तितकं कौतुक, अशा ऐवजावर आता कार्यक्रम उभे राहतात. अमेरिकेत कादंबरीकार जॉर्ज डॉज ग्रीन यांनी १९९७ साली न्यूयॉर्कमध्ये ‘द मॉथ’ सुरू केलं. तिथे माणसं हातात कागद न घेता आपल्या आयुष्यात घडलेल्या खऱ्या गोष्टी सांगतात. २००२ मध्ये डेव्हिड नाडेलबर्ग यांच्या पुढाकाराने लॉस एंजेलिसमध्ये ‘मॉर्टिफाइड’ सुरू झालं, आणि तिथे मोठी माणसं किशोरवयातल्या आपल्या डायऱ्या, पत्रं, कविता लोकांपुढे वाचू लागली. आपल्याकडे कथाकथन याहून जुनं आहे, आणि शाळकरी वयाची फजिती हा त्यातला हुकमी विषय. मी अशा कार्यक्रमांच्या बाजूचा आहे, मात्र सरसकट नाही. विरोधात बोलणाऱ्यांचं म्हणणं वजनदार असल्यामुळे जुन्या शास्त्रार्थाची रीत इथे सोयीची वाटते: आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडायचा, मग त्याला उत्तर द्यायचं.

पूर्वपक्ष : लाज ही ज्याची त्याची खासगी गोष्ट आहे. ती झाकून ठेवण्यात ढोंग कसलं? त्याला सभ्यता म्हणतात. किशोरवयातलं अवघडलेपण ज्याने त्याने एकट्याने सोसलेलं असतं आणि काळाने ते मागे टाकलेलं असतं. ते उकरून, तिकीट लावून दाखवायचं कशासाठी? डायरी लिहिणाऱ्या मुलीने ती कपड्यांच्या घडीखाली लपवली होती, सभागृहासाठी लिहिली नव्हती. वीस वर्षांनी तिनेच ती बाहेर काढली तरी तिने त्या वेळी स्वतःला दिलेला शब्द मोडलाच. शिवाय एकदा या गोष्टींना टाळ्या मिळू लागल्या की सांगणाऱ्यांत चढाओढ लागते. कोणाची फजिती मोठी, कोणी अधिक उघडं बोललं, हे मोजलं जातं, आणि ज्याच्यापाशी पुरेशी फजिती नाही तो ती रचायला लागतो. घरातलं घरात राहावं हा आपल्याकडचा संकेत जुनाट म्हणून उडवून लावू नका. त्याने कित्येकांची अब्रू राखली आहे.

उत्तरपक्ष : अब्रू राखली हे मान्य. पण त्याच संकेताने एकटेपणही जपून ठेवलं, आणि या वयातल्या लाजेचं मुख्य दुखणं एकटेपणच आहे. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली किशोरवयीन मुलांच्या विचारपद्धतीवर एक निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं, की या वयात मुलाच्या मनात दोन समजुती घट्ट बसतात. आपल्याभोवती सतत प्रेक्षक जमलेले आहेत आणि ते आपली चाल, आपले मुरूम, आपला शर्ट निरखत आहेत, ही पहिली. आपल्याला जे वाटतं ते याआधी कोणालाच कधी वाटलेलं नाही, ही दुसरी. पहिल्या समजुतीला त्याने काल्पनिक प्रेक्षक असं नाव दिलं. पुढे टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठात केलेला, २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग याच्याशी जुळणारा आहे. त्यांनी एका विद्यार्थ्याला बॅरी मॅनिलो या गायकाची छबी असलेला, त्या वयात घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठवलं. असे जे जे गेले त्यांचा अंदाज होता की खोलीतल्या सुमारे निम्म्या लोकांनी तो शर्ट टिपला असणार. प्रत्यक्षात तो टिपणारे जेमतेम पाव निघाले. कॉलेजात पोचलेल्या मुलांचा अंदाज इतका चुकतो, तर आठवी-नववीतल्या मुलाच्या मनातली गर्दी किती मोठी असेल! ती गर्दी उपदेशाने पांगत नाही. ‘अरे, तुझ्याकडे कोणी बघत नाहीये’ हे आईबापांचं वाक्य मुलाला खोटंच वाटतं. पण पन्नाशीचा, मान मिळवलेला माणूस उभा राहून तीच भीती बारीकसारीक तपशिलांसह सांगतो आणि तीनशे माणसं ओळख पटून हसतात, तेव्हा दोन्ही समजुतींना एकदम तडा जातो. हे आपल्या एकट्याचं नव्हतं, आणि ते सांगूनही माणूस ताठ उभा राहू शकतो, हे मुलाला डोळ्यांसमोर दिसतं. अब्रूचं म्हणाल तर बर्कलीच्या मॅथ्यू फाइनबर्ग, रॉब विलर आणि डॅकर केल्टनर यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आढळलं, की ओशाळल्याची खूण ज्यांच्या चेहऱ्यावर दिसते त्यांच्यावर लोक अधिक विश्वास टाकतात. चढाओढीची तुमची भीती मात्र रास्त आहे. ती आवरायला एक कसोटी लागेल, आणि ती तुमच्या पुढच्या आक्षेपातच दडलेली असावी.

पूर्वपक्ष : मग तोच आक्षेप ऐका. सांगणारा चाळिशीत आहे आणि ज्याच्याविषयी सांगतो तो चौदा वर्षांचा मुलगा उत्तर द्यायला हजर नाही. एकाच माणसाची ही दोन वयं असली तरी त्यांची ताकद सारखी नाही. एकापाशी माईक आहे, शब्द आहेत, दिवे आहेत. दुसऱ्यापाशी काहीच नाही. शिवाय आठवण दर वेळी सांगताना बदलते. जिथे हशा मिळाला तिथला तपशील फुगतो, जिथे सभागृह गप्प राहिलं तो गळतो. शंभराव्या प्रयोगाला त्या मुलाचं खरं काही उरत नाही, उरतो फक्त एक बावळट. ‘किती मूर्ख होतो मी’ असं म्हणत सांगणारा त्याच्या पाठीवर पाय देऊन स्वतः उंच होतो. आणि सभागृहात बसलेला खरा चौदा वर्षांचा मुलगा यातून काय शिकणार? आज आपण ज्यासाठी रात्र रात्र तळमळतो ते मोठ्यांच्या लेखी हास्यास्पद आहे, एवढंच.

उत्तरपक्ष : या वादाची नस तुम्ही बरोबर पकडलीत. माझं सारं म्हणणं याच जागी उभं आहे. या प्रकारचा विनोद चांगला की वाईट हे विषयावरून ठरत नाही. सांगणारा त्या मुलाच्या बाजूने बोलतो की त्याच्याविरुद्ध, यावरून ते ठरतं. ‘मॉर्टिफाइड’ची रीत या दृष्टीने शिकण्याजोगी आहे. नाडेलबर्ग यांना त्यांनी शाळकरी वयात लिहिलेलं आणि कधीच न पाठवलेलं एक प्रेमपत्र पुढे सापडलं, त्यातून त्या कार्यक्रमाची कल्पना निघाली. तिथे वाचायचं ते त्या काळी लिहिलेलंच वाचायचं. कोणती पानं घ्यायची हे आयोजक आणि वाचणारा मिळून निवडतात, प्रसंग कळावा म्हणून वाचणारा मध्ये दोन शब्द बोलतो, पण वाक्यं त्या मुलाचीच राहतात. अशा रीतीने तो गैरहजर मुलगा स्वतःच्या भाषेत साक्ष द्यायला उभा राहतो आणि मोठ्याच्या आठवणीला त्याच्यावर कुरघोडी करता येत नाही. आपल्या परंपरेत कागद नव्हता, तरी हीच गोष्ट वेगळ्या वाटेने साधली गेली. पु. ल. देशपांड्यांचं ‘बिगरी ते मॅट्रिक’ घ्या. शाळेकडे तिथे आपण विद्यार्थ्याच्या बाकावरून पाहतो. मास्तर, परीक्षा, पाठांतर यांचा अर्थ त्या मुलाला जसा लागला तसाच आपल्यापुढे येतो, आणि हसू येतं ते त्या वयावर लादलेल्या शिस्तीचं. साठच्या दशकापासून द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनी एकत्र कथाकथन करत गावोगावचे श्रोते जिंकले. त्यातल्या मिरासदारांची ‘माझी पहिली चोरी’ किंवा ‘ड्रॉइंग मास्तरांचा तास’ पुन्हा ऐकताना त्यांचा स्वर लक्षात घ्या. तो निर्विकार आणि गंभीर आहे. मुलाचा बेत मुलाला जेवढा महत्त्वाचा वाटतो तेवढाच तो सांगणाऱ्यालाही वाटतो. श्रोता हसतो, सांगणारा हसत नाही, आणि त्यामुळे मुलाची प्रतिष्ठा शाबूत राहते. म्हणून कसोटी अशी मांडता येईल: गोष्टीतल्या मुलाने जे केलं त्यामागचं त्याचं स्वतःचं तर्कशास्त्र श्रोत्यापर्यंत पूर्ण पोचलं पाहिजे. ते पोचलं की ‘मीही हेच केलं असतं’ असं वाटून श्रोता हसतो. ते न पोचवता फक्त कृती सांगितली तर ती नुसती टवाळी. रचलेली फजितीही इथेच उघडी पडते, कारण तिच्यात प्रसंग असतो पण मुलाचं डोकं नसतं.

पूर्वपक्ष : मुलाची बाजू झाली. पण गोष्टीत तो एकटा कधीच नसतो. छडी मारणारे मास्तर असतात, चारचौघांत लाज आणणारे वडील असतात, पत्र ज्या मुलीला लिहिलं ती असते. सांगणाऱ्याने स्वतःची लाज उघडी करायला स्वतःची परवानगी दिली. या बाकीच्यांची कोणी घेतली? गावात, वाड्यात, सोसायटीत माणसं लगेच ओळखली जातात. नाव बदलल्याने काही होत नाही. आणि ‘खरी गोष्ट’ अशी पाटी लावून सांगितलं तर त्या माणसांना बचावाची जागाच राहत नाही. म्हातारपणी आपण कोणाच्या तरी कार्यक्रमातले चक्रम मास्तर झालो आहोत, हे त्या मास्तरांनी शेजाऱ्याकडून का ऐकावं?

उत्तरपक्ष : त्यांनी ते ऐकू नये. या बाबतीत मराठी कथाकथनाने काढलेला तोडगा मला ‘खरी गोष्ट’वाल्यांपेक्षा शहाणपणाचा वाटतो. तो आहे मुखवट्याचा. ‘असा मी असामी’मधला ‘मी’ म्हणजे पु. ल. नव्हेत. तो गिरगावातला कारकून धोंडो भिकाजी जोशी आहे, आणि बालपणापासूनच्या त्याच्या फजित्या पु. लं.नी त्याच्या तोंडून सांगितल्या. प्रत्येक श्रोत्याला त्यात आपलं बालपण सापडलं, पण बोट दाखवावं असा कोणी शेजारी सापडला नाही. सत्य भावनेत राहिलं, माणसं कल्पनेत गेली. मुखवटा नको, खरंच सांगायचं असेल, तर दुसरा नमुनाही आपल्याकडे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाली. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचं वेड होतं आणि त्या वेडापायी घरातल्यांचे जे हाल झाले ते लक्ष्मीबाईंनी अशा रीतीने सांगितले आहेत की वाचणाऱ्याला हसू आवरत नाही. पण त्या तेवढ्यावर थांबत नाहीत. १८५७ च्या बंडानंतर घरातल्या वडीलधाऱ्याला फाशी झाली आणि त्या धक्क्याशी हे वेड जोडलेलं आहे, हेही त्या सांगतात. विक्षिप्तपणा सांगायचा आणि त्याचं कारणही सांगायचं, एवढं पथ्य पाळलं की वडील हास्यास्पद होत नाहीत, माणूस म्हणून कळतात. मुलासाठी जी कसोटी लावली तीच इथे बाकीच्यांना लावायची. मास्तरांचं तर्कशास्त्र सांगता येत नसेल तर मास्तरांना गोष्टीत आणू नये. आणि जिला पत्र लिहिलं तिच्याविषयी तिला विचारल्याशिवाय काहीच सांगू नये. सांगण्याजोगं असतं ते आपण काय काय कल्पना केल्या होत्या ते, आणि त्या आपल्या मालकीच्या असतात.

पूर्वपक्ष : तुमची सगळी उदाहरणं सुखवस्तू लाजेची आहेत. आपल्या समाजात सगळ्यांचं बालपण ‘अवघडलेलं’ नव्हतं. कित्येकांचं ते अपमानित होतं. जातीमुळे वेगळं बसवलेलं, फी थकली म्हणून वर्गाबाहेर उभं केलेलं, घरातल्याच माणसाने हात लावलेलं मूलही वयात येतच होतं. ‘बालपणीच्या गमतीजमती’ असा फलक लावलेल्या सभागृहात या माणसाने काय सांगावं? तो गप्प राहिला तर त्याचा अनुभव वगळला जातो. त्याने हसत सांगितलं तर ज्यांनी अपमान केला त्यांची सुटका होते, कारण सभागृह म्हणतं, बघा, तोही हसतो आहे.

उत्तरपक्ष : सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे, आणि याला मी अर्धं उत्तर देऊ शकतो, उरलेलं अर्धं मान्य करतो. विनोद कशावर होऊ शकतो याविषयी पीटर मॅग्रॉ, केलेब वॉरेन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये मांडलेलं संशोधन इथे उपयोगी पडतं. किरकोळ फजिती जवळून अधिक गमतीची वाटते आणि दूर गेली की तिची गंमत कमी होते. भीषण घटनेचं नेमकं उलट, ती पुरेशी दूर गेल्याशिवाय तिच्यावर हसताच येत नाही. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा, की काहीतरी बिघडलेलं असावं लागतं आणि त्याच वेळी ते निरुपद्रवीही वाटावं लागतं. आवाज फुटणं, मिसरूड फुटणं, चुकीच्या वेळी बोलणं हे वयाने आणलेलं असतं. त्यात दोषी कोणी नसतो आणि ते आपोआप सरतं. वेगळं बसवणं माणसांनी केलेलं असतं. त्यात दोषी असतो, आणि पुष्कळदा ते अजून सरलेलंही नसतं. या दोन लाजा एकाच फलकाखाली आणणं अन्यायाचं आहे. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८ साली आलं. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो. मागे राहिलेला मुलगा आणि लेखक झालेला माणूस समोरासमोर बसतात. मी ज्याला मुलाची बाजू घेणं म्हणतो त्याचं मराठीतलं सगळ्यात प्रखर रूप ते आहे, आणि तिथे हशाची गरज पडलेली नाही. म्हणून अपमानाची गोष्ट हसत सांगायची की नाही हा अधिकार फक्त ती सोसणाऱ्याचा. आयोजकाने ‘जरा हलकंफुलकं सांगा’ अशी सूचना त्याला करू नये. आणि तो हसत सांगत असेल तर श्रोत्याने त्या हसण्यावरून हिशेब मिटला असं समजू नये.

पूर्वपक्ष : शेवटचं विचारतो. तुमच्या मंचावर मुलगे आहेत, मुली कुठे आहेत? शाळेतल्या खोड्या, चोरून पाहिलेले सिनेमे, मास्तरांच्या नकला, हे सगळं मुलग्यांचं. मुलीचं वयात येणं आपल्याकडे विनोदाचा विषय झालं तेही दुसऱ्यांच्या तोंडून. आणि आता तर सभागृहाला भिंतीही उरल्या नाहीत. कोणीतरी मोबाइल वर धरतो आणि तीन मिनिटांचा तुकडा मागचं-पुढचं गाळून हजारो अनोळखी लोकांकडे जातो. तुमचं ओळखीचं हसू त्या तुकड्यात कुठून येणार?

उत्तरपक्ष : मुलींविषयी तुम्ही म्हणता ते पूर्ण खरं आहे. गिरिजा कीर यांच्यासारख्या लेखिकांनी कथाकथन केलं, पण वयात येणाऱ्या मुलीची फजिती तिच्याच तोंडून, तिच्याच विनोदबुद्धीने सांगण्याची रीत आपल्या मंचावर रुजली नाही. कुवत नव्हती असं म्हणता येणार नाही. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या लक्ष्मीबाईंनी ती कागदावर केव्हाच दाखवली आहे. उणीव होती ती बोलायला मोकळीक असण्याची. शरीराविषयी बोलायला आपण एकूणच कचरतो. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं आणि त्यापायी अश्लीलतेचे खटले सोसले. २००७ मध्येही महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी केंद्राचा किशोरशिक्षण कार्यक्रम शाळांमध्ये राबवायला विरोध केला. वर्गात जे बोलू दिलं जात नाही आणि घरात जे कुजबुजत सांगितलं जातं, ते एखाद्या प्रौढ बाईने भरल्या सभेत स्वतःच्या शब्दांत, स्वतःला आलेलं हसू घेऊन सांगितलं, तर समोर बसलेल्या मुलींना त्याचा जो उपयोग होईल तो पाठ्यपुस्तकाच्या एखाद्या धड्याने होणार नाही. मोबाइलच्या तुकड्यांविषयीही मी तुमच्याशी सहमत आहे. ओळखीचं हसू एकत्र बसलेल्या माणसांत जन्मतं, कारण शेजारचा कशाला हसला हे तिथे दिसतं. म्हणून असे कार्यक्रम सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय चित्रित होऊ नयेत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जे अजून त्या वयात आहेत त्यांना मंचावर ढकलू नये. ‘मॉर्टिफाइड’मध्ये वाचणारे प्रौढ असतात, आणि ते योग्यच आहे. जखम भरलेल्या माणसानेच ती दाखवावी. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाची जागा श्रोत्यांत आहे. स्पर्धेच्या नावाखाली त्याच्याकडून त्याची फजिती वदवून घेणं हा खेळ त्याला महागात पडेल.

दोन्ही बाजू ऐकल्यावर माझा निर्णय असा. वयात येतानाची फजिती जाहीरपणे, हसत हसत सांगितली गेली पाहिजे, कारण मुलांच्या मनातली काल्पनिक गर्दी पांगवायला दुसरा इतका साधा उपाय नाही. मात्र ती सांगताना मोठ्याने मुलाची बाजू सोडता कामा नये. गणेशोत्सवाची मंडळं, शाळांची स्नेहसंमेलनं, गावोगावच्या व्याख्यानमाला हे मंच आपल्यापाशी तयार आहेत. त्यांच्या चालकांना विनंती आहे, की यंदा एक संध्याकाळ यासाठी राखून ठेवा. मुख्याध्यापक, डॉक्टर, नगरसेविका, शिंपी, आजी, जे तयार असतील त्यांना बोलवा, त्यात निम्म्या तरी बायका असू द्या, आणि पुढच्या रांगा आठवी ते दहावीच्या मुलामुलींना द्या. बोलणाऱ्यांना एवढंच सांगा, की स्वतःविषयी बोला, त्या वेळी तुम्हाला तसं का वाटलं ते पूर्ण सांगा, आणि दुसऱ्या कोणाला त्याच्यामागे उघडं पाडू नका. कार्यक्रम कसा झाला हे टाळ्यांवरून ठरवू नका. सभागृहातला सगळ्यात लहान श्रोता मनाने हलका होऊन घरी गेला, तरच तो चांगला झाला असं समजा.